चष्मा, दुर्बीण आणि बोटभर जागा

काही वर्षांपूर्वी दोडामार्ग तालुक्यातील एका शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. दुर्बीण मीच लावली होती. नववीतील एक मुलगी पुढे आली, तेव्हा मी सवयीने म्हणालो, "चष्मा काढ, म्हणजे नीट दिसेल." तिने चष्मा काढला, क्षणभर पाहिले आणि "दिसलं, सर" म्हणून ती बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीतल्या कृत्तिका पाहिल्या. प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी लांबट रेघेसारखा काढला होता. मैत्रिणी हसल्या. मुलीने जे दिसले तेच प्रामाणिकपणे काढले होते. चूक माझी होती.

त्याच कार्यक्रमाला गावातले एक आजोबा आले होते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक त्यांच्याकडे होती. दुर्बिणीतून चंद्र पाहून झाल्यावर ते म्हणाले, "चष्मो घातलो तर बंदुकीची माशी दिसता, पण पुढचा झाड दिसणा नाय."

या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. पण बंदुकीवरील दुर्बीण चष्मा घालून कशी वापरावी, या प्रश्नाचा इतिहास पाहिला की दोन्हींची उत्तरे मिळतात.

प्रथम आजोबांचा प्रश्न घेऊ. साध्या बंदुकीने नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य ही तीन एका रेषेत आणावी लागतात. त्यांची डोळ्यापासूनची अंतरे मात्र अगदी भिन्न असतात. तरुण डोळ्यातील भिंग आपली वक्रता झटपट बदलून एकामागून एक तिन्हींवर स्थिरावते. चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता कमी होते. मग जवळचा चष्मा लावावा तर लक्ष्य अंधूक, काढावा तर माशी अंधूक!

यावरचा उपाय बंदुकीसाठी शोधला गेलाच नव्हता. १६११ मध्ये योहानेस केप्लर याने दोन बहिर्गोल भिंगांची दुर्बीण सुचवली. विशेष म्हणजे लहानपणी आलेल्या देवीमुळे केप्लरची स्वतःची दृष्टी अधू होती, आणि चष्म्याचे भिंग डोळ्याला कशी मदत करते हे १६०४ मध्ये त्यानेच प्रथम नीट समजावून सांगितले होते. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग अंतर्गोल असल्याने नळीच्या आत खरी प्रतिमा तयार होत नाही. केप्लरच्या दुर्बिणीत ती होते. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन याच्या दुर्बिणीत कोळ्याचा एक धागा नेमका त्या प्रतिमेच्या जागी आला. आकाशातील तारा आणि तो धागा, दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसू लागले. दुर्बिणीतील फुलीचा जन्म येथे आहे. लक्ष्य आणि फुली एकाच प्रतलात आल्यावर डोळ्याला तीन अंतरांशी झगडावे लागत नाही. ही युक्ती बंदुकीवर स्थिरावायला मात्र दोनशेहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, नेमबाजांच्या काही बंदुकांवर लांबलचक नळ्यांच्या दुर्बिणी होत्या. ऑस्ट्रियातील ऑगस्ट फीडलर याने १८८० मध्ये केलेली दुर्बीण व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या सुरुवातीच्या दुर्बिणींत गणली जाते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. केप्लरच्या पद्धतीच्या दुर्बिणीत पुढच्या भिंगातून आलेला सर्व प्रकाश नेत्रिकेच्या मागे एका लहान वर्तुळातून जातो. त्याला निर्गम वर्तुळ म्हणू. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे या वर्तुळाचा व्यास. ८ पट वर्धनाच्या व ३० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत तो ३.७५ मिलिमीटर येतो. डोळ्याची बाहुली बरोबर या वर्तुळावर असेल तरच पूर्ण दृश्य दिसते. नेत्रिकेपासून या वर्तुळापर्यंतचे अंतर म्हणजे डोळ्यासाठी ठेवलेली जागा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर दूर असते. तेव्हा ही जागा १५ ते २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर चष्मेवाल्याला दृश्याच्या कडा दिसत नाहीत. भोकातून डोकावल्यासारखे वाटते.

बंदुकीवर ही जागा सक्तीने वाढवावी लागली. गोळी सुटताच बंदूक मागे उसळते. डोळा नेत्रिकेला टेकवलेला असेल तर भुवई फुटलीच म्हणून समजा. म्हणून बंदुकीच्या दुर्बिणीत निर्गम वर्तुळ साधारण ८ ते १० सेंटिमीटर मागे ठेवतात. त्याची किंमत अरुंद दृश्यक्षेत्राच्या रूपाने मोजावी लागते. चष्म्याचा विचार कोणी केला नव्हता. धक्क्याच्या भीतीने चष्म्याला आयती जागा मिळाली.

आकाशाच्या दुर्बिणीला असा धक्का नसतो. त्यामुळे नेत्रिका घडवणारे डोळा अगदी जवळ येईल असे धरून चालले. सिंधुदुर्गाला दुर्बिणी नव्या नाहीत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर आपली उपकरणे घेऊन विजयदुर्गला आले होते. त्या काळी दृष्टिदोषाचे विज्ञान चांगलेच पुढे गेले होते. चष्म्याच्या चिठ्ठीवर ज्याला 'सिलिंडर' म्हणतात त्या दोषाचे, म्हणजे अबिंदुकतेचे, वर्णन टॉमस यंग याने १८०१ मध्ये केले होते. जॉर्ज एअरी याने १८२५ मध्ये स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी त्यावर दंडगोलाकार वक्रतेचे भिंग करवून घेतले. हा एअरी पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. चष्मेवाल्यांसाठी मुद्दाम जागा ठेवलेली द्विनेत्री दुर्बीण मात्र झाइस कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणली. केप्लरपासून मोजले तर ३४७ वर्षांनी!

"चष्मा काढ" हा सल्ला कुठे चालतो आणि कुठे फसतो, हे आता सांगता येईल. केवळ लघुदृष्टी किंवा दूरदृष्टी असेल तर नेत्रिका थोडी पुढे-मागे केल्याने चष्म्याचे काम होते. नेत्रिकेचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर आणि चष्म्याचा नंबर उणे ४ असेल, तर तिला फक्त अडीच मिलिमीटर आत सरकवावे लागते. अबिंदुकतेत मात्र डोळ्याची वक्रता उभ्या व आडव्या दिशेने वेगळी असते. नेत्रिका कितीही फिरवली तरी आडव्या रेघेची उभी रेघ होते, ठिपका होत नाही. अशा मुलाने चष्मा ठेवलाच पाहिजे. यालाही एक अपवाद आहे. निर्गम वर्तुळ १ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर डोळ्याच्या भिंगाचा अगदी मधला भाग वापरला जातो आणि हा दोष फारसा जाणवत नाही. १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १०० पट वर्धनाने शनी पाहताना चष्मा काढला तरी चालेल. २५ पट वर्धनाने कृत्तिका पाहताना चालणार नाही.

बंदूक धरणाऱ्या चष्मेवाल्याला जागा मिळाली तरी एक अडचण उरते. गाल दस्त्याला टेकला की मान पुढे झुकते आणि नजर चष्म्याच्या मध्यातून न जाता वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते. फुली व लक्ष्य दोन्ही सारखीच सरकत असल्याने नेम चुकत नाही, पण तिरक्या काचेमुळे प्रतिमा मऊ पडते. दोन नंबरांच्या चष्म्यात हे जास्त जाणवते. उपाय सोपा आहे: दुर्बीण किंचित वर बसवावी, म्हणजे मान सरळ राहते. शिवाय चष्म्याची काच डोळ्याचे रक्षण करते, हा फायदा वेगळाच.

शिक्षकांना वर्गात दोन गोष्टी करून दाखवता येतील. पहिली: चष्मा हातभर दूर धरून त्यातून दाराची चौकट पाहावी आणि चष्मा चाकासारखा फिरवावा. चौकट तिरपी होऊन वेडीवाकडी ताणली गेली, तर त्यात सिलिंडर आहे. दुसरी: ५० व ५ सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्गोल भिंगे ५५ सेंटिमीटर अंतरावर बसवून उजळ खिडकीकडे रोखावीत (सूर्याकडे कधीही नाही). लहान भिंगामागे तेलकट कागद धरून मागे-पुढे केला, की साडेपाच सेंटिमीटरवर एक छोटेसे ठसठशीत वर्तुळ मिळेल. पुढचे भिंग ४० मिलिमीटर व्यासाचे असेल, तर वर्तुळ ४ मिलिमीटरचे भरेल. मग भिंग आणि कागद यांच्यामध्ये एखाद्याचा चष्मा मावतो का, ते मुलांनाच पाहू द्यावे.

दोडामार्गला मी पुन्हा गेलो, तेव्हा जास्त जागेची नेत्रिका सोबत नेली. ती मुलगी आता दहावीत होती. तिने चष्म्यासकट पाहिले आणि बराच वेळ बाजूला झाली नाही. तिच्या मागे रांग थांबली होती. मीही तिला घाई केली नाही.