लॉकआउट-टॅगआउट

लॉकआउट-टॅगआउट : दुरुस्ती, साफसफाई किंवा जुळवणी चालू असताना यंत्र अचानक सुरू होऊ नये आणि त्यात साठलेली ऊर्जा सुटू नये, म्हणून ऊर्जेचा प्रत्येक मार्ग तोडून तेथे कुलूप व इशारापट्टी लावण्याची पद्धत. कारखान्यांत ती ‘लोटो’ या नावाने ओळखली जाते. विजेबरोबरच दाबाखालील हवा व तेल, वाफ, रसायने, ताणलेली स्प्रिंग आणि उचलून धरलेले वजन यांनाही ती लागू होते.

कार्यपद्धती : पूर्वतयारी, यंत्र थांबवणे, पुरवठा तोडणे, कुलूप लावणे, साठलेली ऊर्जा काढणे आणि खातरजमा, असा क्रम असतो. हायड्रॉलिक प्रेसचा मेन स्विच पाडला तरी वर थांबलेला रॅम दाब सुटताच खाली येऊ शकतो. म्हणून त्याखाली ठोकळा देतात आणि अक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या पात्रात) उरलेला दाब सोडतात. मग यंत्राजवळ कोणी नाही हे पाहून स्टार्टचे बटण दाबतात. यंत्र हलले नाही तरच पान्याला हात लावायचा.

तत्त्व : कुलपाचे खरे काम स्विच अडवणे एवढेच नाही. यंत्र पुन्हा सुरू करण्याचा अधिकार ते एका माणसाकडे सोपवते. ज्याचा जीव धोक्यात, किल्ली त्याच्याच खिशात, हे या पद्धतीचे सार. अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झालेला आणि 1990 पासून अमलात आलेला 1910.147 हा नियम याच पायावर उभा आहे. कामाच्या केवळ कागदावरील परवान्यावर विसंबल्याने काय होऊ शकते, हे उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर दिसले. 6 जुलै 1988 रोजी तेथील कंडेन्सेट पंप ‘ए’ची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढलेली होती आणि त्या जागी तात्पुरती तबकडी होती. रात्री पंप ‘बी’ बंद पडला. झडपेच्या कामाचा परवाना पाळीवरील लोकांच्या ध्यानात नव्हता आणि त्यांनी ‘ए’ सुरू करण्याचा प्रयत्न केला, असा लॉर्ड कलन यांच्या 1990 च्या चौकशी अहवालाचा निष्कर्ष आहे. स्फोट व आगीत 167 जण मृत्युमुखी पडले. परवाना दिलेला होता. पण पंप सुरू करणाऱ्याचा हात तो अडवू शकत नव्हता. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेत पाइप धुताना तबकडी न बसवल्याचे सांगितले जाते. मात्र टाकीत पाणी कसे शिरले हाच वादाचा मुद्दा असल्याने तो दाखला येथे आधारासाठी घेतलेला नाही.

आक्षेप : कुलपांमुळे उत्पादनाचा वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच उत्पादन चालू असतानाच्या किरकोळ व नित्याच्या जुळवण्यांना, पर्यायी संरक्षण असल्यास, अमेरिकी नियम सूट देतो. शिस्त असेल तर पट्टी पुरे, असेही म्हटले जाते; पण पट्टी वाचावी लागते, कुलूप न वाचताही अडवते. इमर्जन्सी स्टॉपचे बटण दाबले की पुरे, असेही म्हणतात; पण ते ऊर्जा तोडल्याची हमी देत नाही. एका यंत्रावर अनेक फिटर असतील, तर एकाच हॅस्पमध्ये (अनेक कुलपे घेणाऱ्या कडीत) प्रत्येकाचे कुलूप अडकवतात. शेवटचे निघेपर्यंत स्विच चालू करता येत नाही. किल्ली घेऊन कामगार घरी गेला, हा आक्षेप अधिक अवघड. अशा वेळी तो आवारात नाही याची खात्री करणे, त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करणे आणि त्याने काम पुन्हा सुरू करण्याआधी त्याला कुलूप काढल्याचे सांगणे अमेरिकी नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे अपवादातही अधिकार त्याचाच मानला जातो.

भारतातील तरतुदी : कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 22 बारकाव्यात शिरत होते. चालत्या यंत्राची तपासणी करणारा खास प्रशिक्षित असावा, त्याचे कपडे घट्ट असावेत आणि फिरत्या पुलीवरील 15 सेंमी.हून रुंद पट्टा त्याने हाताळू नये, असे ते सांगत होते. कलम 24 मध्ये, चुकून ‘चालू’कडे सरकू शकणारे शक्तितोड साधन कुलूपबंद करण्याची सोय मागितली होती; ते कुलूप कोणाचे, हे मात्र सांगितलेले नव्हते. कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयीच्या 2020 च्या संहितेत हा अधिनियम समाविष्ट झाला; ती 2025 मध्ये अमलात आली.

मूल्यमापन : कुलूप आहे पण किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर आहे, तेथे ही पद्धत अमलात आहे असे म्हणता येत नाही.