जिजाईंची भाकरी

सज्जनहो, भंडारा डोंगर म्हटला की आपल्याला तुकोबारायांचे चिंतन आठवते, अभंग आठवतात. आज मात्र देहूहून त्या डोंगरावर जाणाऱ्या भाकरीविषयी बोलायचे आहे.

आधी काळ ध्यानात घ्या. शके १५५२, म्हणजे इसवी सन १६३०. गुजरात आणि दख्खनेत पाऊस गेला आणि पुढे दोन वर्षे माणसे अन्नान्न झाली. त्यातच मोगल आणि निजामशाही यांची लढाई पेटलेली. फौज ज्या वाटेने जाई, त्या वाटेवरचे धान्य आणि वैरण आधी फौजेच्या तोंडी. शहाजहान बादशहा तेव्हा बुऱ्हाणपूरला होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे केलेले वर्णन वाचवत नाही. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, हेही तोच सांगतो. पण लंगर शहरात. देहूसारख्या गावात कोण येणार?

तुकोबांचे घर वाण्याचे, खाऊनपिऊन सुखी. आईवडील आधीच गेले होते. दुष्काळात धंदा बुडाला, पत गेली, थोरल्या पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. मुलगा संतूही गेला. पत्नीचे जाणे, बुडालेला व्यापार आणि त्यापायी मनाला झालेली लाज हे सारे तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे. मला त्यातले लाजेचे बोलणे फार महत्त्वाचे वाटते. दुःख माणूस चारचौघांत रडून मोकळे करील. लाज त्याला माणसांतून उठवते. तुकोबा उठले आणि डोंगरावर जाऊन बसले. पुढे तिथे काय फळले ते आपण जाणतो, म्हणून ते जाणे आपल्याला मंगलच वाटते. घरच्यांना त्या दिवसांत काय दिसत असेल? ऐन तारुण्यातला घरधनी, बोलत नाही, जेवायला येत नाही.

जिजाई पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची लेक. भरल्या घरात दिली आणि वाट्याला आले हे. तरी ती रोज भाकरी बांधून सुमारे दोन कोस चालत जाई, डोंगर चढे, धनी कुठे बसलेत ते हुडकी, त्यांना जेवू घाली आणि मगच स्वतः जेवी, असे परंपरा सांगते. पायात काटा मोडला आणि पांडुरंगाने तो काढला, ही कथा तर लहान पोरालाही ठाऊक आहे. काही कीर्तनकार या माउलीला नुसती भांडखोर आवली करून हशा मिळवतात, ते मला कधी रुचले नाही. ती विठ्ठलाला बोल लावी, खरे आहे. पण बोल लावता लावता पाय डोंगराकडेच चालत होते ना?

तुकोबा हळूहळू माणसांत आले, त्याचा क्रमही त्यांनीच सांगितला आहे. पडके देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. मग एकादशीचे कीर्तन. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून संतांची वचने पाठ केली आणि गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आधी दगडमातीचे काम, मग दुसऱ्यांच्या आवाजात आपला आवाज. या सगळ्याच्या तळाशी विठ्ठलाची कृपा आहे, आणि माझ्या मते रोजची ती भाकरीही आहे. पोटात काही नसेल तर मागे उभे राहायलाही बळ लागते, ते कुठून आणावे?

आपल्या खेड्यांत मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. भावकी, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. नको नको म्हणणाऱ्याला दोन घास खायला लावून मगच माणसे उठतात. ही चाल टिकवा. आणि ती पहिल्या दिवसापुरती ठेवू नका. घर खरे रिकामे वाटते ते पाहुणे गेल्यावर. ज्याचे मन फारच खचले आहे त्याला डॉक्टरकडेही न्या. औषध घेण्यात माळकऱ्याला कमीपणा नाही. गोळी उपाशीपोटी घेऊ नको असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर एकादशीलाही त्याच्यापुढे ताट ठेवा.

वारीत असे पुष्कळ जण येतात. वर्षभरात कोणी मुलगा गमावलेला, कोणाचे शेत गेलेले. दिंडीत त्याला कोणी खोदून विचारीत नाही. पंगत बसली की पत्रावळ पुढे येते, वाढणारा ‘घ्या माउली’ म्हणतो. तुकोबांची पालखी यवतला पोहोचते तेव्हा सारे गाव पिठलं-भाकरी घेऊन वाट पाहत असते. घराघरांतून भाजून आणलेल्या त्या भाकरींची रास या वारीत जरा थांबून पाहा. तिथे वाढणाऱ्या एखाद्या आजीला विचारा, किती वाजता उठलात म्हणून.