नवीन एसएसडी टाकली, जुनी हार्ड डिस्क काढली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. असं का होतं?

जुना कॉम्प्युटर स्लो झाला की आजकाल एकच सल्ला मिळतो, एसएसडी टाक. सल्ला बरोबरच आहे. नवा पीसी घ्यायचा खर्च वाचतो आणि आठ-दहा वर्षं जुना डबासुद्धा पळायला लागतो. पण जुनी हार्ड डिस्क लोक काढत नाहीत. तिच्यात लग्नाचे फोटो असतात, प्रोजेक्टच्या फाइल्स असतात, दुकानाचा हिशोब असतो. मग होतं काय, तर एकाच कॅबिनेटमध्ये दोन डिस्क नांदायला लागतात. विंडोज नव्या एसएसडीवर, डेटा जुन्या डिस्कवर.

काही महिने सगळं गोडीगुलाबीनं चालतं. मग एक दिवस ती जुनी डिस्क खराब होते, किंवा कुणीतरी ती काढून भावाच्या पीसीला लावतं, किंवा जागा हवी म्हणून फॉरमॅट मारतं. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. 'नो बूटेबल डिव्हाइस'. नाहीतर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'.

आता विंडोज तर एसएसडीवर होती. एसएसडी जागेवर आहे. मग अडलं कुठं?

दुकानात नेलं की बऱ्याचदा उत्तर मिळतं, "विंडोज उडालीये, फॉरमॅट मारावं लागेल." इथंच थांबा. या केसमध्ये विंडोज उडालेली नसते. ती एसएसडीवर जशीच्या तशी असते, तुमचा डेस्कटॉप, सॉफ्टवेअर, पासवर्ड सगळं. हरवलेली असते ती फक्त तिला जागं करणारी छोटीशी फाइल. आणि ती फाइल एसएसडीवर कधी नव्हतीच, ती होती जुन्या डिस्कवर.

हे समजायला कॉम्प्युटर सुरू कसा होतो ते बघू. तुम्ही पॉवर बटण दाबता तेव्हा विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला पूर्वी बायोस म्हणायचे, आता त्या जागी यूईएफआय असतं, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. हा प्रोग्राम रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग ठरलेल्या क्रमानं एकेका डिस्कला विचारतो, तुझ्याकडे बूट लोडर आहे का? ज्या डिस्ककडे तो असतो तिच्यावरून गाडी पुढं सरकते. बूट लोडर विंडोजला शोधतो, मेमरीत आणतो आणि बाजूला होतो. 'बूट' हा शब्दसुद्धा पायातल्या बुटावरूनच आलाय. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी इंग्रजीतली ती कल्पना.

मुद्दा असा की बूट लोडर आणि विंडोज एकाच डिस्कवर असायला पाहिजेत असा काही नियम नाही. नव्या पद्धतीच्या डिस्कवर बूट लोडरसाठी एक वेगळं छोटं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टम पार्टिशन. साधारण 100 एमबीचं, काही ब्रँडेड मशिनमध्ये 260 एमबीचं. त्याला ड्राइव्ह लेटर नसतं, त्यामुळे 'धिस पीसी' उघडलं तरी ते दिसत नाही. तुम्ही एसएसडीवर विंडोज टाकत असता तेव्हा जुनी डिस्कही जोडलेली असेल, तर विंडोजचा सेटअप बघतो की असं पार्टिशन तिकडं आधीच आहे. मग तो एसएसडीवर दुसरं बनवत नाही, बूटच्या फाइल्स त्या जुन्याच पार्टिशनमध्ये टाकून देतो. घर नवीन बांधलं, पण किल्ली ठेवली जुन्या घराच्या कोनाड्यात. आणि सेटअप याबद्दल तुम्हाला एका शब्दानं सांगत नाही. मायक्रोसॉफ्टनं तिथं एक साधी सूचना जरी दाखवली असती तरी कितीतरी लोकांचा ताप वाचला असता.

तुमच्या कॉम्प्युटरची किल्ली कुठं आहे हे बघायला दोन मिनिटं लागतात. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली 'डिस्क 0', 'डिस्क 1' अशा पट्ट्या दिसतील. 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' असं लिहिलेला छोटा चौकोन कुठल्या पट्टीत आहे ते बघा, आणि सी ड्राइव्ह कुठल्या पट्टीत आहे तेही बघा. दोन्ही एकाच पट्टीत असतील तर चिंता नाही. चौकोन दोन्ही डिस्कवर दिसला तर नेमका कुठला वापरात आहे ते नुसतं बघून कळत नाही, त्याची परीक्षा पुढं सांगतो. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरवर हा चौकोन नसतो, तिथं पार्टिशनखाली 'सिस्टम' आणि 'बूट' असे शब्द असतात. इथं एक गंमत आहे. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ज्या पार्टिशनवर बूटच्या फाइल्स असतात त्याला 'सिस्टम' म्हणतात आणि ज्याच्यावर विंडोज सिस्टम असते त्याला 'बूट'. वाचायला उलटं वाटलं तरी ते तसंच आहे. तुम्हाला शोधायचाय तो 'सिस्टम' शब्द.

आणि जुनी डिस्क फॉरमॅट करायचीच असेल तर आधी ती फक्त काढून बघा. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, मागचा पॉवर स्विच बंद करा, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि मग सुरू करा. तिच्याशिवाय विंडोज उघडली तर किल्ली एसएसडीवर आहे, खुशाल फॉरमॅट मारा. नाही उघडली तर डिस्क परत लावा, सगळं पूर्ववत होईल. फॉरमॅट मारल्यावर मात्र ही सोय राहत नाही.

समजा घोळ झालाच आहे. जुनी डिस्क नुसती काढून ठेवली असेल तर परत लावणं हाच पहिला उपाय. ती गेलीच असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. पेनड्राइव्ह रिकामा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जातं. त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि 'इन्स्टॉल' न दाबता 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा. तिथलं स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून बघायला हरकत नाही, पण एसएसडीवर बूटचं पार्टिशनच नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून काम करावं लागतं. डिस्कपार्ट या टूलनं सी ड्राइव्हमधून काही एमबी जागा मोकळी करायची, तिथं नवं ईएफआय पार्टिशन बनवायचं, ते फॅट 32 मध्ये फॉरमॅट करायचं, त्याला एक लेटर द्यायचं आणि मग बीसीडीबूट ही कमांड चालवायची. ही कमांड विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फाइल्स उचलून नव्या पार्टिशनमध्ये ठेवते. बास, किल्ली नव्या घरात.

काम अर्ध्या तासाचंही नाही, पण दोन ठिकाणी हात भाजतो. एक म्हणजे रिपेअर मोडमध्ये ड्राइव्हची लेटर्स बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथं डी म्हणून दिसेल. त्यामुळे आकार आणि नाव बघून आधी खात्री करा. दुसरं, डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाची कमांड आहे. नाव साधंसुधं असलं तरी ती निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन एका झटक्यात उडवते, 'नक्की ना?' असंही विचारत नाही. इंटरनेटवरच्या कित्येक व्हिडिओंमध्ये ती पहिल्या पायरीलाच सांगितलेली असते, कारण ते व्हिडिओ कोरी डिस्क तयार करण्यासाठी असतात. तुमची डिस्क कोरी नाहीये. हात कापत असतील तर काम दुकानदारालाच द्या, फक्त "फॉरमॅट नको, बूट पार्टिशन बनवून बीसीडीबूट करा" एवढं स्पष्ट सांगा.

अर्थात दोन डिस्क असलेला कॉम्प्युटर अडला की दर वेळी हेच कारण असतं असं नाही. कित्येकदा मागं विसरलेला पेनड्राइव्हच दोषी असतो, म्हणून आधी सगळे यूएसबी काढून बघा. मग सुरू करताना बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुतेक वेळा एफ 12, एचपीमध्ये एफ 9, असूसच्या मदरबोर्डवर एफ 8, एमएसआयवर एफ 11. त्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दिसला आणि तो निवडून विंडोज उघडली, तर फक्त क्रम चुकलाय. बायोसमध्ये जाऊन तो पहिला करा.

एसएसडी यादीत दिसतच नसेल तर विषय केबलचा किंवा स्लॉटचा आहे. एक कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे बऱ्याच मदरबोर्डवर एम.2 स्लॉट आणि एखाददुसरा साटा पोर्ट यांच्यात वायरिंग वाटून घेतलेलं असतं. एम.2 स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की तो साटा पोर्ट बंद पडतो आणि त्याला जोडलेली डिस्क गायब होते. डिस्क मेली म्हणून लोक घाबरतात, प्रत्यक्षात केबल शेजारच्या पोर्टला लावली की ती परत येते.

रोज घड्याळ चुकीचं दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल बघा, सीआर 2032, 3 व्होल्टचा. तो संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, बूटचा क्रमही विस्कटतो. कधी साटाचा मोड बदलून बसतो आणि निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. अशा वेळी मोड पूर्वी होता तो ठेवला की विंडोज उघडते.

सध्या अजून एक कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि बरेच जण विंडोज 11 कडे निघालेत. त्यासाठी सिक्युअर बूट लागतं म्हणून बायोसमध्ये 'सीएसएम' बंद करायला सांगतात. पण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर ते बंद केल्याक्षणी कॉम्प्युटर बूट होणं थांबतं. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की सुरू होतो. आधी एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजमधलंच टूल चालवून डिस्क बदलून घ्यायची आणि मग सीएसएम बंद करायचं, असा क्रम आहे. किल्ली दुसऱ्या डिस्कवर असेल तर मात्र हे टूल काम करायला नकार देतं, म्हणजे फिरून आपण मघाच्याच दुखण्याशी येतो.

विंडोज अजून टाकायची असेल तर हे सगळं टाळता येतं. टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढा. जुन्या डिस्कवरून क्लोन करणार असाल तरी पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेली असू द्या. दोन्ही डिस्क एकमेकींची हुबेहूब नक्कल असतात आणि विंडोजचा त्यात गोंधळ होतो.

बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर चालू आहे का तेही बघा. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बहुतेक मशिनवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते. बूटच्या सेटिंग बदलल्या की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. कॉम्प्युटर चालू आहे तोवर तिथून ती कागदावर उतरवून घ्या. आणि जुन्या डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर वरचं काहीच करत बसू नका. कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढा आणि थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, कारण अशी डिस्क दर वेळी सुरू केली की ती आणखी खराब होण्याचा धोका असतो.