कोरी पाटी की न पुसलेली पाटी?

मागच्या वेळी आपण जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पपाशी थांबलो होतो. वापरात नसलेली मेमरी यंत्रानेच परत गोळा करावी, ही कल्पना त्यांनी 1960च्या निबंधात मांडली. यालाच पुढे गार्बेज कलेक्शन म्हणू लागले. आज त्यातलाच एक छोटा प्रश्न घेऊ: नव्याने दिलेली जागा पुसून द्यायची की तशीच?

सी भाषेत 'मॅलॉक' न पुसलेली पाटी हातात देतो. 1995 साली आलेल्या जावाने मात्र नियमच केला, की ॲरे मागितला की आकड्यांच्या घरांत शून्य आणि संदर्भांच्या घरांत 'नल' असणारच. ही नुसती टापटीप नव्हे बरं का! कलेक्टर संदर्भांचा माग काढत फिरतो. घरात जुना आकडा राहिला, तर तो त्यालाच पत्ता समजून भलत्याच दारात जाईल.

पण घरांत नुसते बाइट असतील तर? लगेच फाइल वाचून त्यात भरायचीय, मग आधी पुसायचं कशाला? जावास्क्रिप्टवर 2009 साली उभ्या राहिलेल्या नोडने हाच हिशेब केला. 'न्यू बफर' ला अक्षरं दिली तर ती साठवली जात; 100 हा आकडा दिला तर 100 बाइटची न पुसलेली जागा मिळे. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! बाहेरून शब्द येईल म्हणून प्रोग्राम थांबलाय, आणि कुणी मुद्दाम आकडा पाठवला. प्रोग्राम तेवढी जागा घेतो आणि तीच उत्तरात पाठवतो. त्यात कुणाचा पासवर्ड, कुणाची गुप्त किल्ली, काहीही असू शकतं.

न्यायदर्शनात प्रध्वंसाभाव म्हणतात, म्हणजे नष्ट झाल्यावरचा अभाव. इथे नाश झालेलाच नव्हता. आपण नुसतं विसरलो होतो.

2016 साली नोडने दोन वाटा वेगळ्या केल्या: पुसून देणारा 'अलॉक' आणि न पुसता देणारा 'अलॉक-अनसेफ'. नावातच धोक्याची पाटी लावली, हे आम्हाला फार आवडलं. 2017च्या आठव्या आवृत्तीपासून जुना 'न्यू बफर' सुद्धा आकडा दिला की पुसलेलीच जागा देऊ लागला.

डॉटनेटने 2020 साली पाचव्या आवृत्तीत अशीच सोय दिली, पण जपून. संदर्भांचा ॲरे मागितलात तर तो पुसूनच मिळतो, आणि 2048 बाइटच्या आतला लहान ॲरेही. एवढ्याशा जागेत पुसणं वाचवून वेळ तो किती वाचणार!