ॲनिमेशनचे पदव्युत्तर अध्ययन : मावळाच्या आधारे विवेचन

१. व्याख्या. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे सिद्ध करून, त्या चौकटींच्या अनुक्रमातून गतीचा प्रत्यय निर्माण करणे म्हणजे ॲनिमेशन. सामान्य चित्रणात काळाचे विभाजन यंत्र करते. ॲनिमेशनमध्ये ते कर्ता करतो. म्हणून दोन चौकटींमधील अंतर हा या कलेतील मूलभूत निर्णय होय.

२. अंगे. या निर्णयासाठी तीन प्रकारचे ज्ञान लागते : (अ) आकारज्ञान, (आ) स्थानज्ञान, (इ) कालज्ञान. तिन्हींची उदाहरणे मावळ तालुक्याशी निगडित इतिहासात आढळतात.

(अ) भाजे येथील विहाराच्या ओसरीत दोन शिल्पपट आहेत. ते सामान्यतः रथारूढ सूर्य व गजारूढ इंद्र म्हणून ओळखले जातात. रथाच्या चाकांखाली दडपलेल्या आकृतीमुळे रथाची दिशा आणि भार दोन्ही कळतात. येथे गती सूचित आहे, घडत नाही. स्थिर आकारात गतीची सूचना भरणे हे आकारज्ञान.

(आ) राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ मध्ये मळवली येथे आला. रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि एकाच कागदावर सर्व ठसे अचूक जुळावे लागतात. ॲनिमेशनमध्येही एका चित्राचे स्थान पुढच्या चित्राशी असेच जुळवावे लागते. ते चुकल्यास पडद्यावर आकृती थरथरते. हे स्थानज्ञान.

(इ) दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्यास राहून या छापखान्यासाठी छपाईचे काम केले. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून घेतलेल्या छायाचित्रांतून दाखवली. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्या हलवल्या. पहिल्यात अतिमंद गती शीघ्र केली, दुसऱ्यात नसलेली गती निर्माण केली. हे कालज्ञान.

३. स्तरभेद. पहिली दोन ज्ञाने सरावाने साध्य होतात. त्यांचे स्थान पदवीच्या अभ्यासक्रमात आहे. तिसऱ्यासाठी सराव पुरत नाही, कारण काळ कसा विभागावा हे विषयानुसार बदलते. विषय समजल्याशिवाय विभाजन ठरत नाही. यास्तव पदव्युत्तर अध्ययनाचे चार टप्पे संभवतात : प्रश्न, निरीक्षण, विभाजन, परीक्षण.

४. उदाहरण. मावळातील सुमारे १२० दिवसांचे भातपीक हा विषय घेऊ. पडद्यावर सेकंदास २४ चौकटी जातात. दर तासाला एक चौकट घेतल्यास २,८८० चौकटी, म्हणजे दोन मिनिटांचा चित्रपट होतो. शेतातील एक दिवस पडद्यावर एक सेकंद होतो, आणि उजेड-अंधाराचे चक्र दिसते. दिवसाला एकच चौकट घेतल्यास चित्रपट पाच सेकंदांचा होतो. चक्र लुप्त होते, केवळ वाढ उरते. दोन्ही कृती तंत्रदृष्ट्या शुद्ध आहेत. प्रश्न दिवसाचा असेल तर पहिली युक्त, वाढीचा असेल तर दुसरी. प्रश्नच नसेल, तर दोहोंत निवड करण्यास आधार राहत नाही.

५. आक्षेप व परिहार. संगणक मधल्या चौकटी स्वतः भरतो, तेव्हा हे अध्ययन अनावश्यक आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. संगणक दिलेल्या दोन टोकांमधील अंतर भरतो. कोणती दोन टोके घ्यावीत, हे विषयाच्या ज्ञानावरून ठरते. श्रम कमी झाल्याने निर्णयाचे महत्त्व वाढते.

६. निष्कर्ष. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन-शाळेसारख्या संस्थांत हा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. दोन वर्षांत संगणक-प्रणाल्या बदलतात, निरीक्षणाची शिस्त बदलत नाही. म्हणून प्रवेशार्थीने संस्थेची यंत्रसामग्री पाहण्यापूर्वी स्वतःचा प्रश्न लिहून काढावा; आणि कलाशाळेने पहिले सत्र त्या प्रश्नाच्या निरीक्षणास द्यावे.