राशी व नक्षत्रे : सायन आणि निरयन

सूर्याच्या आकाशातील भासमान वार्षिक मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात. त्याचे 30 अंशांचे 12 भाग म्हणजे राशी आणि 13 अंश 20 कलांचे 27 भाग म्हणजे नक्षत्रे. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण पडतात आणि राशीत नऊ चरण, म्हणजे सव्वादोन नक्षत्रे, येतात. मेषेत अश्विनी, भरणी आणि कृत्तिकेचा पहिला चरण. कृत्तिकेचे उरलेले तीन चरण वृषभेत जातात.

या दोन्ही विभागण्यांचे मूळ वेगळे आहे. नक्षत्रे वैदिक काळापासूनची. चंद्र 27.3 दिवसांत आकाशाची फेरी पुरी करतो, म्हणजे सुमारे दिवसाला एक नक्षत्र. तैत्तिरीय संहितेतील यादी कृत्तिकेपासून सुरू होते. अथर्ववेदात अभिजित धरून 28 नक्षत्रे आहेत. मेषादी राशी वेदांगज्योतिषात नाहीत. बारा समान राशींची कल्पना इ. स. पू. पाचव्या शतकातील बाबिलोनची. ती ग्रीकांमार्फत भारतात आली. वराहमिहिराच्या बृहज्जातकात क्रिय, तावुरि, जितुम ही ग्रीक वळणाची राशिनावे अजून सापडतात.

पाश्चात्त्य फलज्योतिषाने टॉलेमीला अनुसरून वसंतसंपात हाच मेषारंभ मानला. ही सायन पद्धती ऋतूंना बांधलेली आहे. पंचांगे निरयन आहेत. त्यांचा आरंभबिंदू ताऱ्यांच्या संदर्भाने स्थिर असतो. संपात मात्र वर्षाला सुमारे 50.3 विकला मागे सरकतो. या दोन आरंभबिंदूंतील अंतराला अयनांश म्हणतात आणि सध्या ते 24 अंशांच्या थोडे वर आहे. त्यामुळे 5 एप्रिलला जन्मलेल्याचा सूर्य पाश्चात्त्य पत्रिकेत मेषेत, तर आपल्या पंचांगात मीनेत. त्यातही आपल्याकडे ‘तुझी रास कोणती’ या प्रश्नाचे उत्तर चंद्रावरून द्यायचे असते. साडेसाती जन्मचंद्राच्या राशीवरून मोजतात, नावाचे अक्षर नक्षत्राच्या चरणावरून काढतात (अश्विनीला चू, चे, चो, ला) आणि पत्रिका जुळवताना गण-नाडी पाहतात तीही नक्षत्रावरूनच. इंग्रजी राशिभविष्याचे नुसते भाषांतर छापणारी वृत्तपत्रे वाचकाला भलत्याच राशीचे भविष्य वाचायला लावतात.

निरयन म्हणजे प्रत्यक्ष ताऱ्यांशी तंतोतंत जुळणारे, असेही नाही. समान भाग पाडल्यावर तारे त्यांत नीट बसत नाहीत. स्वातीचा ठळक तारा क्रांतिवृत्तापासून सुमारे 31 अंश उत्तरेला आहे. आरंभबिंदू कोठे धरावा याचा वाद महाराष्ट्रात चांगलाच रंगला. चित्रापक्ष चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरतो, तर टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष रेवतीतील एका मंद ताऱ्यापासून मोजतो. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक असल्याने टिळक पंचांगाची मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते आणि काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 च्या अहवालात चित्रापक्षाला जवळचे मूल्य स्वीकारले : 21 मार्च 1956 रोजी 23 अंश 15 कला.

निरयन सूर्याच्या तारखा इंग्रजी दिनदर्शिकेत सुमारे 70 वर्षांत एक दिवस पुढे जातात. म्हणून 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर ‘संक्रांतीच्या दिवशी’ लढाई झाली ही समजूत टिकत नाही. त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. मृगाचेही तेच. आज सूर्य 7-8 जूनला मृगात जातो आणि तो मुहूर्त धरून पेरणीची तयारी होते. पण मान्सून ऋतूंना बांधलेला, मृग ताऱ्यांना. आणखी हजार वर्षांनी मृग जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागेल. पंचांगात पर्जन्यनक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस की उंदीर हेही दिलेले असते. पावसाचा अंदाज म्हणून त्याला वजन देण्याचे कारण नाही.

भविष्यकथनाच्या बाजूने मात्र दोन्ही पद्धतींना आधार मिळालेला नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत 27 ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या होत्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के निघाले. नाणे उडवूनही 50 च्या आसपास आले असते.