एका वेताची तीन पिल्ले

संकरित कुत्रा घरी आणावा का, असे कोणी विचारले की आम्ही लॅब्राडूडलची हकीकत सांगतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवाईतल्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता. पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याची ॲलर्जी. ऑस्ट्रेलियातील अशा कुत्र्यांच्या संस्थेतले वॉली कॉनरॉन यांनी आधी पूडल तपासले, कारण त्यांचे केस फारसे गळत नाहीत. कामाला एकही उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस व लाळ हवाईला पाठवली. यजमानांना त्रास झाला नाही तो फक्त एकाचा!

असे का व्हावे? प्रत्येक पिल्लाला निम्मी जनुके आईची, निम्मी बापाची. पण कोणती निम्मी, हे भावंडागणिक निराळे. शिवाय ॲलर्जी मुळात केसांची नसते. लाळेतल्या व कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात 'ॲलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांवर असे एक प्रथिन उलट जास्तच सापडले. लॅब्राडूडलही त्यांत होता. म्हणून नावावर न जाता त्याच पिल्लाच्या सहवासात काही दिवस राहून पाहावे.

गंमत अशी, की उरलेली दोन पिल्ले आधी कोणालाच नको होती. 'लॅब्राडूडल' हे नाव मिळाले आणि मागणी सुरू झाली. पुढे पैशासाठी कशाचाही कशाशी संकर होऊ लागला, तेव्हा २०१९ साली खुद्द कॉनरॉन यांनीच जाहीर खंत व्यक्त केली.